क्रियापद नसलेली चिठ्ठी

"मुखवटे काढू नका," मी म्हणालो. "राजा दरबारात उभा आहे. खडकावरचा दिवा कुणामुळे विझला हे सगळ्या प्रेक्षकांना माहीत आहे, एकट्या राजाला माहीत नाही. इथून पुढे घ्या."

पुढे घेता आलं नाही. शिपाई पोस्टकार्ड घेऊन दारात उभा होता.

शुक्रवारचा शेवटचा तास होता. चित्रकलेच्या वर्गातली बाकं भिंतीकडे सारून नववीची अकरा मुलं पुठ्ठ्याचे मुखवटे लावून उभी होती. मी कार्ड वाचलं. सांगलीच्या बालनाट्य स्पर्धेच्या संयोजकांनी दोन ओळींत कळवलं होतं की आपल्या शाळेची संहिता सोमवारपर्यंत, म्हणजे मुदतीत, मिळाली नाही. सबब प्रवेश देता येत नाही.

मी ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं. शांत आवाजात. शांत आवाजावर माझा फार भरवसा होता, ओरडणारे शिक्षक मला अडाणी वाटत. ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवत होतो, आणि आपल्याइतक्या धीराने मुलांना कुणी शिकवत नाही अशी माझी खात्री होती. वाईट एवढंच की ती खात्री अगदीच खोटी नव्हती.

दोन महिने मी त्या मुलांना प्राचीन ग्रीक शोकांतिका समजावून देत होतो. अभ्यासक्रमात नव्हती, म्हणून तर देत होतो. टेकडीच्या उतारावर दगडी पायऱ्या, त्यावर बसलेली हजारो माणसं, खाली मुखवटे लावलेले नट, आणि गोष्ट अशी की जी त्या हजारोंना आधीपासूनच ठाऊक. मग लोक काय बघायला येत असतील, असं विचारून मी मुलांना दोन दिवस तसंच सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी इक्बाल मुजावर म्हणाला, "राजाला कधी कळतंय ते बघायला." त्याच दिवशी मी त्याला राजा केला.

पुस्तकात याला नाट्यगत उपरोध म्हणतात. मी मुलांना सोपं करून दिलं होतं: बघणाऱ्याला ठाऊक, बोलणाऱ्याला नाही. आणि ज्या क्षणी बोलणाऱ्याला कळतं त्या क्षणी सगळं उलटं फिरतं, ती कलाटणी. कळणं आणि फिरणं एकाच वेळी झालं तर शोकांतिका उत्तम, असं जुने जाणकार म्हणत. हे सांगताना मी दोन्ही हात हवेत एकमेकांभोवती फिरवून दाखवायचो. मुलं माझी नक्कल करायची, आणि मला ते आवडायचं.

नाटक मीच लिहिलं होतं, त्याच घाटाचं. एका बेटाच्या राजाचा मुलगा वादळात जहाजासकट बुडतो, कारण खडकावरचा दिवा विझलेला असतो. राजा शपथ घेतो की दिवा विझवणाऱ्याला या बेटावर ठेवणार नाही. मुळात शत्रूच्या भीतीने राजानेच फर्मान काढलेलं असतं, 'कुठेही उजेड नको', आणि दिवेकऱ्याने ते फर्मान जसंच्या तसं पाळलेलं असतं. हे दिवेकऱ्याच्या मुलीला माहीत असतं. मुलीचं काम हेमलता कारंडे करत होती.

"ज्याच्या हातून हे झालं असेल," मी पोस्टकार्ड खिशात ठेवत मुलांना म्हणालो, "त्याला या शाळेत जागा राहणार नाही. मग तो कुणीही असो."

वाक्य चांगलं वठलं होतं. ते कुठून आलं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. राजाच्या तोंडी मीच घातलं होतं ते.

हेर्लेकरबाई कार्यालयात एकट्याच होत्या. कुमुदिनी हेर्लेकर, दोन वर्षं हंगामी कारकून. नवरा वारला होता. घरी सासू आणि दोन मुलं. पुढच्या शनिवारी संस्थेच्या सभेत त्यांना कायम करण्याचा विषय यायचा होता. तो मंजूर झाला तर नोकरी पक्की, नाही झाला तर महिनाअखेर निरोप. हे साऱ्या शाळेला माहीत होतं, मलाही.

मी विचारलं, सांगलीची संहिता कधी गेली. त्यांनी जावक नोंदवही उघडली आणि बोट खाली आणलं.

"मागच्या आठवड्यात, गुरुवारी. हस्ते गोगटे सर."

"हस्ते कोण?"

"तुम्हीच की. गुरुवारी तुम्ही सांगलीला गेला होता ना?"

गेलो होतो, दाढ काढायला. संहितेचा शेवटचा प्रवेश तेव्हा लिहूनसुद्धा झाला नव्हता. त्यानंतरच्या शनिवारी मी तीन प्रती बांधून कार्यालयात दिल्या होत्या, सोमवारी माणसाबरोबर पाठवायच्या म्हणून. मी बाईंना मागचं कपाट उघडायला लावलं. मधल्या कप्प्यात माझी फाईल होती. सुतळीची गाठ मी मारलेली, तशीच.

बाईंनी फाईलकडे पाहिलं, मग वहीकडे. "मी ही शाळेची प्रत समजले. तुमची चिठ्ठी होती, सर. तुम्ही स्वतः देऊन आलात असं त्यात होतं."

"चिठ्ठी कशाला? मी तुम्हाला तोंडी सांगितलं. म्हटलं, बाई, ही सोमवारी सांगलीला पाठवा."

त्या म्हणाल्या की शनिवारी दुपारी त्या जागेवर नव्हत्या, हेडसरांनी त्यांना वर्गावर्गांतून हजेरीपत्रकं गोळा करायला पाठवलं होतं. परत आल्या तेव्हा टेबलावर फाईल होती आणि तिच्यावर चिठ्ठी.

"दाखवा चिठ्ठी."

टेबलावर कागद टोचून ठेवायची तार होती. बाई वरचे कागद एकेक करून काढू लागल्या. चार-पाच काढले आणि मध्येच थांबल्या. क्षणभर दाराबाहेर, वर्गांच्या बाजूला बघितलं. मग काढलेले कागद परत तारेत टोचले आणि म्हणाल्या, "नाही सापडत."

ते थांबणं मी नीट टिपून ठेवलं. रंगमंचावर माणूस बोलता बोलता थांबतो तिथे डोळे उघडे ठेवा, असं मी मुलांना शिकवत असे. मी डोळे उघडे ठेवले होते, आणि त्यांतून मला एक खोटं बोलणारी कारकून दिसली.

शिक्षकांच्या खोलीत मी हकिगत सांगितली. पहिल्यांदा सांगताना मी बाईंना "पाठवा" म्हणालो होतो. दुसऱ्यांदा सांगताना बाईंनी मान डोलावली होती. तिसऱ्यांदा त्यांनी "हो सर, काळजी करू नका" असं उत्तरही दिलं होतं. मी जाणूनबुजून काही रचत नव्हतो. मला ते दिसत होतं, ऐकू येत होतं. लेखक माणूस असल्याचा हा फायदा.

त्या रात्री मी तीन पानी अर्ज लिहिला. एरवी माझं लिहिणं तुटक असायचं. जिथे क्रियापद गाळता येतं तिथे गाळावं, अशी माझी शिकवण होती आणि फळ्यावरच्या माझ्या तुटक सूचनांचं इतर शिक्षकांना कौतुक वाटायचं. त्या अर्जात मात्र मी एकही क्रियापद गाळलं नाही. 'मी समक्ष सांगितले होते', 'त्यांनी मान्य केले होते', 'त्यांनी शासकीय नोंदवहीत खोटी नोंद केली आहे'. शेवटी लिहिलं की प्रश्न एका स्पर्धेचा नसून मुलांसमोर कोणता आदर्श ठेवायचा याचा आहे.

हेडसर माने यांनी तो अर्ज दोनदा वाचला, एकदा समजण्यासाठी आणि एकदा, मला वाटतं, आनंदासाठी. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब जगदाळे यांची भाची टायपिंगची परीक्षा पास होऊन वर्षभर घरी बसली होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. पण त्याचा आणि माझ्या अर्जाचा काही संबंध असेल हे मनात आलं नाही, कारण माझा अर्ज तत्त्वाचा होता.

"शनिवारी सभेपुढे ठेवू," माने म्हणाले. "तुमच्यासारख्या माणसानं लिहिलंय म्हटल्यावर चौकशीचीही गरज नाही."

मला ते योग्यच वाटलं.

स्पर्धा गेली तरी नाटक थांबवायचं नाही असं मी ठरवलं. शाळेच्या संमेलनात ते होणार होतं. सोमवारपासून तालीम पुन्हा सुरू झाली, पण मुलं बदलली होती. मी आत आलो की बोलणं बंद व्हायचं. न सांगता सगळे मुखवटे लावून बसायचे. एवढी शिस्त त्यांना आधी कधी नव्हती, आणि मी तिचं श्रेय स्वतःकडे घेतलं.

मंगळवारी इक्बालने मुखवट्यातून विचारलं, "सर, राजानं शोध इथंच थांबवला तर चालेल का?"

"मग नाटक कसलं?"

"नाही, म्हणजे तो म्हणाला, जाऊ दे, झालं ते झालं, कुणाला घालवायचं नाही. मग वाचतोय का तो?"

"तो तसं म्हणणार नाही. न्यायी राजा आहे."

"न्यायीच पाहिजे का, सर? जरा कमी न्यायी असला तर?"

मागे कुणीतरी फुसकन हसलं. मी रागावलो नाही. मी फळ्यावर दोन बाण काढले, एक राजाच्या इच्छेचा, एक त्याच्या कृतीचा, आणि ते एकमेकांच्या उलट कसे जातात ते समजावलं. वीस मिनिटं समजावलं. इक्बाल माझ्या खडूकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

मग सदाशिव लोहार, जो लोकांच्या घोळक्यात उभा असायचा आणि सबंध नाटकात ज्याला दोनच वाक्यं होती, तो म्हणाला, "पण सगळ्यांना माहीत्ये तर त्याला कुणी सांगत का नाही?"

"सांगतात. तो ऐकत नाही. त्याला वाटतं आपण ऐकतोय."

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून घ्यायला लावलं. अकरा मुलांनी माना खाली घालून ते लिहून घेतलं. कुणी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. आता वाटतं, एवढी दयाळू माणसं मी पुढच्या आयुष्यात एका खोलीत एकत्र पाहिली नाहीत.

हेमलता मात्र अडत होती. तिचं मुख्य वाक्य होतं, "महाराज, दिवा तुमच्याच शब्दाने विझला." ते तिच्या तोंडून येईना. महाराजपर्यंत यायची आणि थांबायची. तशी ती धीट मुलगी, बापाचं किराणा दुकान सांभाळणारी, गिऱ्हाइकाशी वाद घालून शाळेत येणारी. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की ही मुलगी राजाला घाबरत नाही. तिला त्याची कीव येते, आणि कीव आली की माणसाचा आवाज आपोआप खाली उतरतो.

"उतरतोय, सर," ती म्हणाली.

"मग म्हण."

"शनिवारी म्हणते."

शनिवारी सकाळची शाळा होती. सभा दहाला. आम्ही आठ वाजता तालमीला बसलो. बाहेर पटांगणात शिपाई अध्यक्षांच्या गाडीसाठी जागा झाडत होता. मी मुलांना म्हणालो की आज शेवटचा प्रवेश, न थांबता.

इक्बाल मधोमध उभा राहिला. घोळका दोन बाजूंना झाला. हेमलता पुढे आली, "महाराज" म्हणाली आणि थांबली. मग वहीतून घडी घातलेला कागद काढून माझ्याकडे आली.

"सर, हे माझ्या भाषणांच्या पाठीमागं आहे."

तो तिच्या संवादांचा कागद होता, आमच्या शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेला. अशा उरलेल्या प्रती मी टिपणांसाठी वापरायचो. मी तो उलटला. निळी शाई, माझं अक्षर.

'बालनाट्य स्पर्धा. संहिता, तीन प्रती, सांगलीस. परवा. गोगटे.'

पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. अक्षर किती सुरेख आलंय, असं मनात आलं.

मग तो शब्द दिसला. शनिवारी लिहिलेला 'परवा'. माझ्या डोक्यात तो येणारा सोमवार होता. बाईंनी वाचला तो गेलेला गुरुवार, ज्या दिवशी मी खरोखरच सांगलीला गेलो होतो. आपल्या भाषेत हा एक शब्द दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. मागचा की पुढचा ते क्रियापद सांगतं: परवा पाठवली, की परवा पाठवा. पहिलीतलं मूलसुद्धा त्यात चुकत नाही, कारण ते क्रियापद बोलतं. ते गाळायला मराठीचा शिक्षक लागतो.

आणि मग ती दुपार आठवली, जशी होती तशी. रिकामी खुर्ची. टेबलावर उघडी शाईची दौत. मी उभ्याउभ्या चिठ्ठी खरडली, फाईलवर ठेवली आणि घरी जेवायला गेलो. मी बाईंशी बोललो नव्हतो. बाईंनी मान डोलावली नव्हती. त्या खोलीत कुणीच नव्हतं.

"हा तुझ्याकडे कधीपासून?"

"त्या सोमवारपासून. बाईंनीच दिला. म्हणाल्या, पाठीमागं तुझी भाषणं दिसतात, लागतील तुला. मी उलटून बघितलं नव्हतं. पोस्टकार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बघितलं."

"मग?"

"मग बाईंकडं घेऊन गेले. त्या म्हणाल्या, मला आठवलंय तुझ्याकडं आहे ते. ठेव तुझ्याजवळ. शाळेतल्या मुलीनं आपल्या सरांच्या विरुद्ध साक्ष द्यायची नसते." तिने वही मिटली. "म्हणाल्या, सरांना आठवेल."

आठ दिवस. मी मुलांकडे बघितलं. एकानेही मुखवटा काढला नाही. पुठ्ठ्याचे दहा चेहरे, मीच रंगवलेले, तोंडं उघडी, भुवया वर.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"आम्ही सांगत होतो, सर," इक्बाल म्हणाला.

मी मुलांना बसून राहायला सांगितलं आणि कागद घेऊन निघालो. चित्रकलेचा वर्ग ते हेडसरांची खोली, मध्ये सबंध पटांगण. तेवढ्या अंतरात मी सरळ आत जाऊन काय ते सांगायचं ठरवू शकलो असतो. त्याऐवजी मी भाषण जुळवलं. पहिलं वाक्य, विराम, दुसरं वाक्य. पायरी चढताना कंठ दाटून येत होता आणि तो कुठल्या शब्दावर दाटला पाहिजे हेही मला कळत होतं.

सभेत पाच जण होते. आबासाहेब मधल्या खुर्चीत, माने कागद घेऊन बाजूला. मी परवानगी मागून उभा राहिलो. म्हणालो की आज मी फिर्यादी म्हणून आलेलो नाही, आरोपी म्हणून आलो आहे. म्हणालो की जो दुसऱ्याच्या चुका तपासण्यात आयुष्य घालवतो त्याला स्वतःचं अक्षर सर्वांत शेवटी वाचता येतं. दोष बाईंचा नाही, माझा आहे. शिक्षा व्हायची तर मला व्हावी. माझा आवाज बरोबर जिथे फुटायला हवा तिथे फुटला.

मग आबासाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनीही.

"गोगटे मास्तर," ते म्हणाले, "बरं वाटलं. एका विधवा बाईची रोजीरोटी जाऊ नये म्हणून एवढ्या मोठ्या माणसानं दोष अंगावर घेतला. असे शिक्षक आता कुठं राहिलेत?"

"मी अंगावर घेत नाही. दोष माझाच आहे."

"तेच म्हणतो मी. असं म्हणायलाही मन मोठं लागतं."

मी चिठ्ठी पुढे केली. ती हातोहात फिरली. आबासाहेबांनी चष्मा वर करून वाचली. "परवा म्हणजे सोमवार. सरळ तर आहे."

"गुरुवारही होतो, आबासाहेब."

"होतो. पण शंका आली तर माणूस विचारतो का नाही? बाईंनी विचारलं तुम्हाला?"

विचारलं नव्हतं. फाईलची गाठही सोडून बघितली नव्हती. त्यांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य होतं आणि तेवढंच त्यांना पुरेसं होतं.

मग माने यांनी माझा अर्ज उघडला. फार मऊ आवाजात बोलले. "सरांनी इथं लेखी दिलंय की मी समक्ष सांगितलं, बाईंनी मान्य केलं. आता सर म्हणतात चिठ्ठी ठेवली. मग हा अर्ज खोटा आहे असं सरांना म्हणायचं आहे का? तसं असेल तर एका कर्मचाऱ्याविरुद्ध खोटी लेखी तक्रार केल्याचा विषय होतो, आणि मग तो वेगळ्या पद्धतीनं चालवावा लागेल. तसं त्यांना म्हणायचं नसणार."

पाचही जण माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. चिठ्ठी खरी आहे, बाई खरं बोलतात, अर्ज खोटा आहे, जागा भाचीला हवी आहे. त्यांना एवढंच बघायचं होतं की मी काय म्हणतो.

"अर्ज," मी म्हणालो, "रागाच्या भरात लिहिला होता."

"राग येणारच," आबासाहेब म्हणाले. "मुलांची मेहनत वाया गेली. चहा सांगा रे."

माझ्या नाटकातला राजा शेवटी मुकुट काढून ठेवतो, आपल्याच शपथेप्रमाणे बेट सोडतो आणि एकटा होडीत बसतो. तो प्रवेश लिहिताना मला रडू आलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि चहा घेतला. साखर जास्त होती, तरी सगळा घेतला. माझ्यासमोर दोन ठराव झाले. श्रीमती हेर्लेकर यांना कायम करण्याचा विचार नाही, हा पहिला. दुसऱ्यात, सहकाऱ्याविषयी दाखवलेल्या उदारपणाबद्दल श्री. गोगटे यांचं अभिनंदन होतं. पुढे सतरा वर्षांनी मी त्याच शाळेतून निवृत्त झालो तेव्हा तो दुसरा ठराव समारंभात वाचून दाखवण्यात आला. मी उभा राहून हात जोडले.

नाटक संमेलनात झालं नाही. मुलांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला अजून त्यांतले काही जण रस्त्यात भेटतात, वाकून नमस्कार करतात. फार चांगलं शिकवायचात सर, म्हणतात. ते खरंच म्हणत असतात, आणि तेच ऐकवत नाही.

चहा संपवून मी कार्यालयात गेलो. हेर्लेकरबाई टेबलाशी बसून यादी करत होत्या: किल्ल्या, शिक्के, वह्या. हेडसरांची खोली आणि कार्यालय यांच्यामध्ये एक लाकडी आडभिंत होती, वरून उघडी.

"मी सगळं खरं सांगितलं, बाई."

"ऐकलं मी." त्यांनी यादीतला आकडा पुरा केला. "फार चांगलं बोललात. इतकं चांगलं बोलायला नको होतं."

मी त्यांना सांगू लागलो की मी कसा प्रयत्न केला, चिठ्ठी दाखवली, गुरुवारचं पटवून दिलं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मुलांना मी देत असे तेवढाच वेळ त्यांनी मला दिला.

"हेडसरांनी विचारलं तेव्हा तीन शब्द पुरे होते," त्या म्हणाल्या. "अर्ज खोटा आहे. मी इकडे पेन धरून थांबले होते."

बाहेर आबासाहेबांची गाडी सुरू झाली. बाईंनी यादी माझ्यासमोर सरकवली. हेडसर अध्यक्षांना पोहोचवायला गेले आहेत, म्हणाल्या, आणि चार्ज देताना साक्षीदाराची सही लागते. तुम्ही आहात तर करून टाका. मी खाली नाव लिहिलं, सही केली आणि सवयीने पुढे 'शनिवार' असं लिहिलं.

त्यांनी कागद फिरवून वाचला आणि पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"वार नको," त्या म्हणाल्या. "तारीख घाला. आकड्यात."